भट्टीच्या मुठीवरचा झेंडू

१२ ऑक्टो. ९१, शनि.
सकाळी दहाला माझ्या नव्या पिस्टन-धातूच्या कांड्या भट्टीत गेल्या. अडीचशे डिग्री, दोनशे तास, अखंड. एवढ्या तापात आमचं पिस्टनचं नेहमीचं अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं. आतले बारीक कण हळूहळू जाडे होतात, तूप निवताना कणी धरतं तसे. मी निकेल घातलंय, कण बारीकच राहावेत म्हणून. सा. (कारखान्याचे मालक) स्पष्ट म्हणाले, या खेपेला जमलं तर ठीक, नाहीतर प्रयोग बंद आणि मी परत साच्यांची वाळू तपासायला. भट्टीवर पाटी लावली: दार उघडू नये.

१४, सोम.
भट्टीचा काटा २५०. वहीत २५०. चुकून मुठीला हात लागला, चांगलाच चटका.
घरी येताना बसमध्ये डोक्यात तेच. गव्हाण गावच्या कोळ्यांची एखादी होडी, इंजिनात माझा पिस्टन. किनारा दिसेनासा झालाय, इंजिन तापलंय, आणि पिस्टन हूं की चूं करत नाही... पनवेलला उतरायचंच राहिलं. पुढच्या थांब्यावरून मागे चालत आले.

१८, शुक्र., दसरा
सुट्टी, पण चैन पडेना. दुपारी जाऊन आले. कालच्या खंडेनवमीला मला जाता आलं नव्हतं. बाळारामकाकांनी (भट्टी त्यांच्याच हाती, रोडपालीचे) भट्टीला हळदकुंकू लावलंय. मुठीला झेंडूची माळ, काय टवटवीत! बघतच राहिले. एवढं सजवून कुणी माझ्या कामाकडे कधी पाहिलं नव्हतं. वर आपट्याचं पान ठेवलं, वहीत २५० लिहिलं, घरी.

२१, सोम.
टिकल्या! काल संध्याकाळी कांड्या बाहेर काढल्या, आज तपासल्या. कडकपणा जेमतेम उतरलाय. दोनदा पाहिलं. सा.नी लगेच गिऱ्हाइकाला फोन केला, पेढे मागवले. मी मागच्या अंगणात जाऊन रडून घेतलं.

२२, मंगळ.
काकांना पेढा दिला. खाईनात, हातातच धरून बसले. मग म्हणाले, "ताई, नवमीला सकाळी मी भट्टी बंद केलती. तापल्या भट्टीची पूजा करीत नाय आमी. दसऱ्याच्या सांजंला चालू केली. दार मात्र नाय उघडलं."
झेंडू! चटका देणाऱ्या मुठीवर टवटवीत झेंडू, आणि मी बावळट खूश. काट्याकडे पाहिलंच नव्हतं. काकांवर कुठल्या तोंडाने रागावू? त्यांनी पाटी पाळली. खोटं मी लिहिलं.
दीड दिवस कमी. पूर्ण दोनशे तासांतही टिकल्या असत्या कदाचित. कदाचित नाही. काका कुणाला सांगणार नाहीत, मी गप्प बसले तर...

२३, बुध.
राखून ठेवलेल्या दोन कोऱ्या कांड्या सकाळीच भट्टीत ठेवल्या. पुन्हा दोनशे तास. काका शेजारी उभे. "ऱ्हातील, ताई," एवढंच म्हणाले.
१८ तारखेचा २५० खोडला. "भट्टी बंद होती, मी पाहिलं नाही" असं लिहून सही केली.
सा. अकराला येतात. पावणेअकरा झालेत. वही मांडीवर घेऊन त्यांच्या खोलीबाहेर बसलेय.