विमान गेल्यावर उरलेला वारा

मंगळ., ११ नोव्हें. ७५
सकाळी सातला कारखान्याच्या उसावर विमानातून फवारणी. हवा बघून बावटा दाखवायचं काम माझं. वारा अजिबात नाही. औषध भलतीकडे उडत नाही, म्हणून माझ्या वहीत अशा हवेपुढे 'उत्तम'. वारा कळावा म्हणून मुकादम सिद्धप्पाने नेहमीसारखं ओलं पाचट पेटवलेलं. पहिलं विमान माळावरून उठून धुरावरून गेलं. मागे धुराची दोन वेटोळी. सिद्धप्पा म्हणाला, "सायेब, येटोळं मोडंना की. दुसऱ्याला जरा थांबवा." म्हटलं, तुला काय कळतंय! हिरवा बावटा दाखवला. दुसरं, पिंटोचं विमान उठलं, धुरात शिरलं नि एका अंगावर कलंडून उसात.

पिंटो जिवंत आहे.

बुध., १२
इस्पितळात गेलो. पिंटोचा हात मोडलाय. म्हणाला, "माझीच चूक असणार हो. विमान कसं फिरलं, कळलंच नाही. आता परत उडवायचा धीर नाही." संत्री ठेवली नि निघालो. शुक्रवार पेठेतल्या घरी आलो. ही म्हणाली, जेवत का नाही? पोट बिघडलंय म्हटलं. खोटं.

शुक्र., १४
सध्या एकच विमान. सिद्धप्पाशेजारी बसून धूर पाहिला. गार, थिजलेल्या हवेत विमानामागचं वेटोळं शंभर मोजले तरी शाबूत. नऊच्या पुढे जमीन तापली, हवा हलू लागली, तर वीसच्या आत फाटून गेलं. म्हणजे माझ्या 'उत्तम' हवेतच विमानामागचा भोवरा टिकून राहतो, नि त्यानेच पिंटोला कलंडवलं.

सिद्धप्पाने पाचटावर आणखी पाणी शिंपडलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोम., १७
चौकशीचा कागद. 'वैमानिकाचा निष्काळजीपणा.' खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी. केली नाही. नाही असंही म्हटलं नाही. दोन दिवस मागून घेतले. सरळ लिहायचं तर भीती वाटते. नोकरी अजून कच्ची. सही केली तर पिंटोचं उडणंच बंद होईल.

बुध., १९
पिंटोच्या जागी नवा वैमानिक, नवं विमान. हवा तशीच, पान हलत नाही. पहिलं विमान गेलं. तांबडा बावटा वर केला. नवा माणूस इंजिन चालू ठेवून हातवारे करतोय. कारखान्याचे साहेब तरातरा आले.

"का अडवलंत?"

"धूर मोडू दे, साहेब. तोवर त्यात विमान घालायचं नाही."

साहेब धुराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"त्या दिवशीही असाच होता?"

पाचट सारणारा सिद्धप्पा थांबला. मी बावटा खाली घेतला नाही.

पाचला साहेबांनी चौकशीचा कागद घेऊन केबिनमध्ये बोलावलंय. सिद्धप्पालाही.