तामारिंदो गल्लीतील पथदिव्याच्या प्रकाशघटाचे तोंड फिरवण्याबाबत

प्रति,
माननीय अधीक्षक,
पथदीप विभाग, नगरपालिका,
व्हिया अल्मेंद्रो

विषय: फेर्मिन ओगांदो यांच्या किराणा दुकानासमोरील दिवा वारंवार लागून विझत असल्याबाबत.
संदर्भ: आपल्या विभागाचा शेरा, "दिवा सुस्थितीत आहे."

महोदय,

१. मी, आनाक्लेतो मिएसेस, निवृत्त भाषाशिक्षक, वरील शेऱ्यास हरकत घेत आहे. शेरा खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. तो अक्षरशः खरा आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे.

२. सदर दिव्याखाली आम्ही चौघे कित्येक वर्षे दररोज संध्याकाळी डॉमिनो खेळत आलो आहोत. पावसाळा सुरू झाल्यापासून हा दिवा लागतो, सोंगट्या वाटून होईपर्यंत जळतो, विझतो, आणि पुन्हा लागतो. तक्रारीवरून आपला तंत्रज्ञ आला तो भर सकाळी. शिडीवर चढून त्याने प्रकाशघटावर, म्हणजे उजेड ओळखून दिवा लावणाऱ्या-विझवणाऱ्या डबीवर, आपली टोपी ठेवली, दिवा लागला. टोपी काढली; दिवा विझला. "बघा मास्तर, लागतोय, विझतोय. आता काय गाणंही म्हणायला लावू?" असे म्हणून तो निघून गेला. जो दोष केवळ अंधारात प्रकट होतो, तो टोपीएवढ्या अंधारात शोधण्याची ही पद्धत तर्कास धरून नाही.

३. घटाविषयी मी जे वाचले ते थोडक्यात निवेदन करतो. या घटावर उजेड पडला की त्यातून वीज सुलभपणे वाहते. उजेड सरला की ती अडते. वाहू लागली की आतील खटका दिवा बंद करतो, अडली की सुरू करतो. सांतो दोमिंगोतील मोठ्या इमारतींत लिफ्टचे दार कोणाचा हात चेंगरण्याआधी थांबते, रमच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या आपोआप मोजल्या जातात. तेथेही प्रकाश ओळखणारे असेच घट राबत असतात, व मधला किरण कोणी अडवला की त्यांना ते तत्काळ समजते. तथापि, घटाला उजेड कळतो, उजेडाचा धनी कळत नाही. सूर्य आणि नगरपालिका यांत तो भेद करीत नाही.

४. आता मूळ मुद्दा. आपल्या विभागाने हा घट दिव्याच्या खाली, दुकानाकडे तोंड करून बसवला आहे. पूर्वी समोर काजळलेली भिंत होती. यंदा फेर्मिन यांनी तेथे जस्ताचा कोरा, लखलखीत पत्रा पुढे काढला. दिवा लागताच त्याचा उजेड पत्र्यावरून उसळून थेट घटाच्या तोंडावर पडतो. घटास वाटते, उजाडले. तो दिवा विझवतो. विझवून पाहतो तर अंधार. तो पुन्हा लावतो. एवढा कर्तव्यदक्ष कर्मचारी आपल्या विभागात दुसरा नसेल, आणि त्याचीच अशी फसगत चालली आहे.

५. परिणाम गंभीर आहेत. फेर्मिन हे माझ्या कन्येचे धर्मपिता, म्हणजे माझे कंपाद्रे. आमच्या खेळात शेवटच्या सोंगटीचे ठिपके पटाच्या दोन्ही टोकांस जुळले तर जादा गुण मिळतात. त्यांनी अशीच शेवटची सोंगटी टेबलावर आपटली आणि त्याच क्षणी दिवा गेला. उजेड परतला तेव्हा एका टोकास चार ठिपके होते. माझ्या स्मरणाप्रमाणे अंधारापूर्वी तेथे पाच होते. मी एवढेच, अत्यंत संयत शब्दांत, नमूद केले. त्यावर त्यांचे उद्गार असे: "म्हणजे मी चोर? तुझ्या पोरीला बाप्तिस्म्याला या हातांत धरलं, ते हात सोंगट्या फिरवतात होय रे? ऊठ! माझ्या खुर्चीवरून ऊठ आधी!" खुर्ची वास्तविक माझ्या मालकीची होती, पण तो मुद्दा मी राखून ठेवला. टेबल आत गेले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि मी साखर दुसऱ्या गल्लीतून आणतो.

६. निदान पडताळण्यासाठी मी एका संध्याकाळी स्टुलावर उभा राहून घट आणि पत्रा यांच्या मध्ये काळी छत्री धरली. दिवा अढळ राहिला. माझा तर्क सिद्ध झाला, परंतु दुकानाच्या खिडकीतून कंपाद्रे ओरडले, "अरे, या रे सगळे! मास्तर दिव्याला छत्री धरतोय, बिचारा भिजेल म्हणून!" सर्व गल्ली हसली. माझी कन्या योकास्ता मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही दोघं म्हातारे तोंडं फुगवून बसलाय, आणि दिवा मात्र मजेत डोळे मिचकावतोय." हे विधान शास्त्रीयदृष्ट्या सदोष आहे, एरवी मात्र मला ते खोडता आले नाही.

७. पत्रा काढवावा, असा सोपा उपाय आपण सुचवाल. तो मला मान्य नाही. पावसात माझे गुडघे धरतात. तो पत्रा कंपाद्रे यांनी माझ्याच खुर्चीला आडोसा व्हावा म्हणून ठोकला होता. त्या पत्र्याचा दोष त्यांना सांगण्यास माझी जीभ वळत नाही. सबब विनंती की घटाचे तोंड चिंचेच्या झाडाकडे फिरवावे, आणि अहवालात दोष पत्र्याचा नाही, तसाच कोणाच्या हाताचाही नाही, असे स्पष्ट लिहावे. पाच की चार याविषयी माझी स्मृती चुकली असणे संभवते. हे वाक्य मी तीन वेळा खोडून चौथ्यांदा कायम केले आहे.

८. आपल्या नियमानुसार अर्जावर त्या दिव्याच्या उजेडात राहणाऱ्या दोन रहिवाशांच्या सह्या लागतात. त्या उजेडात दोनच घरे आहेत, माझे आणि कंपाद्रे यांचे. सबब हा अर्ज कन्येच्या हस्ते समोर पाठवीत आहे. दुसरी सही न आल्यास तो आपणापर्यंत पोचणारच नाही, आणि तसे झाल्यास दिव्याचेही मला पुढे काही काम उरणार नाही.

दिव्याइतकाच अस्थिर,
आपला नम्र,
आनाक्लेतो मिएसेस
१९ ऑक्टोबर

सोबत: घट, पत्रा व खुर्ची यांच्या जागा दाखवणारा नकाशा.

दुसऱ्या रहिवाशाची सही व अभिप्राय:

साहेब, सही केली. मास्तरचं अर्धं काही कळलं नाही, छत्रीचं कळलं. माणूस संध्याकाळी पाठवा, आणि टोपी घरी ठेवून ये म्हणावं. तोवर मी पत्र्याला काळा रंग फासलाय आणि टेबल बाहेर मांडलंय. मी त्याच्याशी बोलत नाही, तेव्हा तुम्हीच त्याला सरकारी कागदावर कळवा, खुर्ची त्याचीच आहे, येऊन बस म्हणावं. आणि त्या टोकाला चारच होते.
फेर्मिन ओगांदो