कानाशेजारची नजर

३ मार्च

गेले एकदाची! चाळीस वर्षं टाळलं. जुन्या वेधशाळेचं आता संग्रहालय झालंय — तिकीट काढून, रांगेत उभी राहून बाबांच्या घुमटात शिरले. इथेच ते रोज सकाळी दहाला दुर्बिणीतून सूर्य बघायचे, त्यावरचे डाग पेन्सिलीने कागदावर उतरवायचे. लाकडी जिना अजून तसाच कुरकुरतो. अर्ध्यावर आले आणि वर कोणीतरी खाकरलं. अगदी बाबांसारखं. वर कोणी नव्हतं! माहिती सांगणारी पोरगी हसली, "सगळ्यांनाच असं वाटतं हो मावशी, घुमट आवाज फिरवतो." असेल.

तरी पाठीवर नजर जाणवत राहिली. कमाल आहे — जिवंतपणी ज्यांनी माझ्याकडे धड बघितलं नाही, ते आता बघणार! मी आठ वर्षांची झाले आणि त्यांची नजर माझ्या कानाशेजारून जायला लागली. माझं काय चुकलं, ते विचारायच्या आत ते गेले. मी तेव्हा चौदाची.

४ मार्च

झोप नाही. खाकरणं कानातून जात नाही.

६ मार्च

परत गेले. बाबांचे कागद मागितले. मी आठ वर्षांची असतानाचा गठ्ठा उघडला. अकरा जूनपर्यंत बाबांच्या बारीक, टोकदार रेघा. मग नऊ दिवस काहीच नाही. मग पुन्हा रोज एक सूर्य, खाली बाबांचं नाव — पण अक्षर आईचं! माझ्या वह्यांवर नाव घालायची तेच गोल अक्षर. पुढची सहा वर्षं, शेवटच्या कागदापर्यंत, आईच.

७ मार्च

आईला धारेवर धरलं. आधी "जुनं काय उकरतेस?" म्हणून उडवून लावलं. मग बोलली. बाबांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. उजवा त्या बारा जूनला जळाला. दुर्बिणीला काळी काच कायम बसवलेली असायची, म्हणून ते डोळा लावण्याआधी चाचपूनही बघायचे नाहीत. त्या दिवशी ती नव्हती!

"समोरचं काही दिसेना त्यांना, कडेकडेचं तेवढं दिसायचं. तुझा चेहरा बघायचा तर तुझ्या कानाकडे बघावं लागायचं, वेडे!"

नोकरी गेली की वेधशाळेनं दिलेलं घरही जाणार. म्हणून आई चहा द्यायच्या निमित्ताने रोज वर जायची आणि सूर्य काढायची. कोणाला पत्ता लागू दिला नाही.

पोटभर रडले. ते माझ्याकडेच बघत होते!

८ मार्च

काच कोणी काढली होती, ते विचारलं.

"तुझ्या दप्तरात मिळाली. ते म्हणाले, पोरीला कधी कळू द्यायचं नाही."