एका नंबरावर दोन मामा

सोलापूर, फेब्रुवारी १९७८

सौ. अक्कास गुरुलिंगचा नमस्कार.

आईचा गुडघा कसा आहे? मी ठीक आहे. मामीची शेंगाचटणी खाऊन वजन वाढलंय.

गिरणीतली गोष्ट दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच लिहितो. पुण्याच्या कॉम्प्युटरच्या क्लासात सरांनी फळ्यावर शिकवलं, एक नंबर म्हणजे एक माणूस. त्याच हिशेबानं मी हजेरीचा प्रोग्राम लिहिला. पुण्याच्या कॉम्प्युटरवरून यादी छापून आली, तर वर्षभर एकही रजा न घेतलेला कामगार एकच निघाला. आपला ईश्वरमामा.

साहेब खूश. म्हणाले, “याचा सत्कार करू, फोटो लावू.”

तुला ठाऊकच आहे, ईश्वरमामा शेताकडे गेला की त्याच्या हजेरीच्या नंबरावर मल्लूमामा कामाला जातो. खात्यात सगळ्यांना माहीत, फक्त साहेबांना नाही. सत्काराआधी चौकशी झाली असती, तर दोघंही घरी बसले असते. म्हणून मीच म्हणालो, “साहेब, माझा प्रोग्राम चुकला.”

“क्लासात हेच शिकवतात का?” म्हणाले, आणि मला परत कार्डांना भोकं पाडायच्या मशीनवर बसवलं. अक्का, प्रोग्राम बरोबर होता गं. तेच डोक्यातनं जात नाही. हुबळीला एक ट्रकवाला ओळखीचा आहे, वाटतं त्याच्याकडेच निघून जावं. असो.

मामांना सांगितलं, महिन्यातनं एकदा तरी आजारी पडत जा. ईश्वरमामा म्हणतो, “पडतो की, पन दोगांतलं कोन पडायचं?” दोघं लई हसले. मला काही हसू आलं नाही.

आईला एवढंच सांग, मामा दोघंही कामावर आहेत.

तुझा,
गुरुलिंग