तिसऱ्या मजल्यावरचं बाक

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, आज मला कॉलेजात एक खोली सापडली! दीड वर्ष मी रोज तिच्यावरून जाते आणि आत मोडकी बाकं असतील असं समजते. तिथे चक्क समुपदेशक मॅडम बसतात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दहा ते चार. झोप उडाली, धास्ती बसली, कशातच लक्ष लागेना, तर जायचं आणि बोलायचं. फी नाही, आणि बोललेलं खोलीबाहेर जात नाही. एवढी मोठी सोय आणि दारावरची पाटी किती, तर साबणाच्या वडीएवढी.

सापडली तीही चुकून. एका मैत्रिणीसाठी फॉर्म हवा होता. कारकून म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर झेरॉक्सवाल्या काकांकडे मिळेल. मी शेजारचं दार उघडलं.

ही मैत्रीण माझ्याच वसतिगृहातली. हुशार आहे, असं तिच्या घरचे म्हणतात. दोन महिने तिला नीट झोप नाही. सांख्यिकीच्या पेपरला दहा मिनिटं बसली आणि छाती इतकी धडधडायला लागली की कोरी उत्तरपत्रिका ठेवून बाहेर आली. वाचताना डाव्या कानामागची बट बोटाला गुंडाळून ओढत राहते. तिथे आता शर्टाच्या बटणाएवढी जागा मोकळी झाली आहे. फॉर्म होता तो कॉलेज सोडण्याचा. तिने तो भरून कपड्यांखाली ठेवलाय. द्यायची शेवटची तारीख अठ्ठावीस. त्याआधी तिला त्या खोलीत न्यायचंच, असा मी विडा उचलला आहे.

पण मॅडम म्हणाल्या, सगळ्या सत्रात मिळून नऊ जण आले. झेरॉक्सची रांग दारासमोरच असते, आत शिरणाऱ्याकडे सगळे टकामका बघतात. तुझ्याकडे तर परकी माणसं येऊन वस्तऱ्याखाली मान देतात. तू हे कसं जमवतोस? नीट विचार करून लिही, मी पाट्या रंगवायला घेतल्या आहेत.

आईला सांग, मी जेवते. तुझा लोभ आहेच, पण या खेपेस जरा जास्त लागेल.

तुझी,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. नेहमीप्रमाणे कात्री खाली ठेवून दुकानात मोठ्याने वाचलं. आपल्या घरातली पहिली पदवीधर होणार, म्हणजे गिऱ्हाइकांनाही तू त्यांचीच पोर वाटतेस. तुझ्या प्रवेशाचा कागद अजून आरशाच्या कोपऱ्यात आहे. साबणाचे शिंतोडे उडतात, मी पुसतो.

तुझ्या मैत्रिणीवर अर्धा तास परिषद झाली. आपला बसड्रायव्हर म्हणाला, ही सगळी थेरं आहेत, गाडी बंद पडली म्हणून कोणी तिच्याशी गप्पा मारत बसत नाही. त्यावर शिंपीकाकांनी विचारलं की मग परवा चढावर तो इंजिनाला आई, बाई, लक्ष्मी म्हणत कोणाला विनवत होता. दुकान हसून हसून लोळलं. आईला घरी गेल्यावर वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं की ती मुलगी जेवते का.

आता तुझा प्रश्न. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, पण खुर्चीतलं मला कळतं. माणूस तोंडासमोर तोंड आलं की बोलत नाही. मी मागे उभा असतो, तो आरशात बघतो, म्हणून बोलतो. दुसरं, रिकाम्या दुकानात कोणी पाय टाकत नाही. माझ्या बाकावर निम्मे लोक नुसते पेपर वाचायला बसलेले असतात, त्यामुळे नव्या माणसाला कोणी हेरत नाही. आणि तिसरं, पहिल्या खेपेला कोणी डोकं हातात देत नाही. नुसते कल्ले नीट करा म्हणतो. मी नुसते कल्लेच करतो. पुढच्या वेळी तो आपणहून टोपी काढतो.

तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, आधी नुसते कल्ले.

आशीर्वाद आहेतच, कमी पडले तर मागवून घे.

तुझा,
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, तुझं सलून तिसऱ्या मजल्यावर उघडलं! मी झेरॉक्सवाल्या काकांना गाठलं. त्यांची रांग उभी असते, म्हणून एक लांब बाक दोन्ही दारांच्या मधोमध ठेवू या म्हटलं. आधी म्हणाले, हा काय बसथांबा आहे? मग स्वतःच बाक ओढायला आले, कारण रोज त्यांच्या काउंटरवर मुलं रेलतात. आता त्या बाकावर कोण नोट्ससाठी बसलंय आणि कोण मॅडमसाठी, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. दोन दिवसांत चौदा जण आले! मॅडमनी आपली खुर्चीही हलवली. आता मॅडमनी आणि येणाऱ्याने खिडकीकडे तोंड करून शेजारी बसायचं. तुझं नाव मी सांगितलं नाही, एका तज्ज्ञाचा सल्ला एवढंच म्हणाले.

मैत्रीणही गेली. हातात झेरॉक्सची सहा पानं घेऊन गेली आणि फक्त झोपेबद्दल विचारलं. पाच मिनिटं बसणार होती, चाळीस मिनिटांनी उठली. मॅडमनी काही जादू केली नाही. आधी सगळं ऐकलं. मग रोज एकाच वेळी उठायला सांगितलं, झोप येवो न येवो. धडधड सुरू झाली तर पळायचं नाही, पाय जमिनीवर दाबून समोरच्या पाच वस्तू मनात म्हणायच्या आणि श्वास सावकाश सोडायचा. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडे सोबत जाऊ, त्यात कमीपणा नाही, असंही म्हणाल्या. त्या दिवशी ती पाच तास सलग झोपली.

पण फॉर्म अजून कपड्यांखालीच आहे. घरी कसं सांगावं हे तिला सुचत नाही. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागलेले असतात. तिची पत्रं म्हणे तिथे सगळ्यांना वाचून दाखवतात.

आईला नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आज दुकान बंद आहे, म्हणून सावकाश लिहितो.

तुझी दोन्ही पत्रं मी दुकानात वाचली, पण पुरती नाही. पहिल्यातली कानामागच्या बटेची ओळ गाळली, दुसऱ्यातल्या शेवटच्या ओळी गाळल्या. आईलाही वाचून दाखवल्या नाहीत. ती बट मी ओळखतो. चौथीच्या परीक्षेपासून ती बोटाला गुंडाळली जाते, आणि केस कापताना तिथला गुंता मी दहा वर्षं सोडवला आहे. चुकत असेन तर मला खुशाल हस.

बाबा गेल्यावर मी खुर्चीमागे उभा राहिलो, ते तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मला कात्री आवडते. तेव्हा त्या मुलीला सांग, फॉर्म द्यायचा तर दे, नाही तर नको देऊ. आमच्यासाठी थांबायचं नाही आणि आमच्यासाठी पळायचंही नाही. घर दोन्ही वेळेला उघडं आहे. फक्त मॅडमकडे जाणं सोडू नकोस.

आरशातला कागद मी काढून ठेवलाय. हवा तर पुन्हा लावू.

तुझाच,
दादा

१२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हा कागद उलटून बघ. मागे माझं नाव, हजेरी क्रमांक आणि कॉलेज सोडण्याचं कारण लिहिलं आहे. कारणापुढे मी "घरगुती" असं लिहिलं होतं. खोटं होतं ते. अठ्ठावीस तारखेला मी फॉर्मची प्रत काढायला झेरॉक्सच्या खिडकीपर्यंत गेले, रांग होती, म्हणून बाकावर बसले, आणि माझी पाळी आली तेव्हा शेजारच्या दारात गेले.

मैत्रीण मीच, दादा. तुला आधीच कळलं होतं हे वाचून मी इतकी रडले आणि मग इतकी जेवले की खानावळीतल्या मावशींनी ताट तीनदा वाढलं. आईला सांग, ती मुलगी आता खरंच जेवते.

काल सांख्यिकीचा पेपर पुन्हा दिला! दहाव्या मिनिटाला धडधड आली, अगदी वेळेवर, आगगाडीसारखी. मी पाय दाबले. फळा, पंखा, घड्याळ, पुढच्या मुलीची वेणी, माझं पेन. मग तिसरा प्रश्न सोडवायला घेतला. दोन तास पुरते बसले. मार्क किती पडतील देव जाणे, मला त्याची आज पर्वा नाही. मॅडमकडे दर शुक्रवारी जाणार आहे, अजून सगळं काही ठीक नाही. पण कानामागे खुंट आले आहेत, बोटाला टोचतात.

एक मागणं आहे. हे पत्र दुकानात वाच आणि एकही ओळ गाळू नकोस.

लोभ होता तेवढा पुरला, आता माझ्याकडूनही घे.

तुझी,
भिंगरी

१८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वाचलं. दोन्ही बाजू वाचल्या, हजेरी क्रमांकासकट. आई कामावरून लवकर सुटून आली होती, बाकावर शिंपीकाकांशेजारी बसली. संपल्यावर काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, पुढच्या मुलीच्या वेणीचं कळलं, पण घड्याळात किती वाजले होते ते पोरीने लिहिलं नाही. आई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. प्रवेशाचा कागद पुन्हा आरशात लावला, आणि हा त्याच्या शेजारी. पहिल्यांदा कॉलेजला जाताना खडूसारखी पांढरी झाली होतीस, आठवतं? पुढच्या सुट्टीत ये, खुंट मी बघतो.

आणि एक काम. काल आपला बसड्रायव्हर पुन्हा आला. चारच दिवसांपूर्वी मी त्याचे केस कापले होते, तरी खुर्चीत बसला आणि नुसते कल्ले कर म्हणाला. मी केले. आरशात बघत म्हणाला, त्याचा एक मित्र आहे, तोही ड्रायव्हरच, महिनाभर झोपलेला नाही, स्टिअरिंगवर हात घामाने घसरतो. कॉलेजात न गेलेल्यांसाठी अशी खोली असते का, हे त्या मित्राला हवंय. मी मान वर केली नाही.

मॅडमना विचारून पत्ता ताबडतोब कळव. मित्राची सुट्टी गुरुवारी असते, दुपारी तीनपर्यंत तो मोकळा असतो आणि त्याला बाकावर कडेची जागा लागते, एवढं सगळं याला तोंडपाठ होतं.

उत्तराची वाट बघतोय. आम्ही दोघंही.

तुझा,
दादा