दगडावरचं मानाचं नाव

त्वेदादा,

तू जहाजासकट बुडालास. आज कंपनीने इथे आफ्रिकेत, आपल्या क्रू जमातीच्या वस्तीच्या किनाऱ्यावर तुझ्या स्मारकाचा दगड बसवला. त्यावर कोरलंय, ‘बिअरची बाटली’. गोऱ्या कप्तानाला ‘त्वे’ म्हणता येईना, म्हणून त्याने टवाळीने ठेवलेलं नाव. कंपनीचा साहेब म्हणाला, “जहाजाच्या नोंदवहीत तो याच नावाने होता.” पोरं फिदीफिदी हसली.

आईला कुठे वाचता येतंय! तिने अक्षरांवरून बोट फिरवलं.

“माझ्या त्वेचंच नाव ना गं?”

“हो.”

“एवढंसं तर नाव त्याचं. मग इतकी अक्षरं कशाला?”

“मान देऊन लिहिलंय, आई.”

ती खुलली. घरी येताना म्हणाली, “ते मानाचं नाव मला शिकव. आता दर्यावर जाऊन त्याच नावाने हाक मारीन त्याला.”

दादा, काय शिकवू तिला?

तुझी,
तान्ने