आतून न लागणारी दारं

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, कारण कंबर सध्या माझं ऐकत नाही. साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात बसून लिहितेय. टेबलावर नकाशे पसरलेत, त्यांच्याखाली सरकवून कागद ठेवलाय, म्हणजे कोणी डोकावलं तर मी कामातच आहे. तुझी दोन पत्रं आली आणि मी दोन्ही गिळून बसले, म्हणून तुझा पारा चढला असेल. पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की घरातली गोष्ट पाचव्या मजल्यावरच्या प्लंबरलाही कळते. तेव्हा पत्रच बरं.

भावजींचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणावं, त्यांच्या हट्टाला आता कोणी बक्षीस देणार नाही. आमच्याकडे सगळे ठीक. हे नेहमीसारखेच, बोलायचं असेल तेव्हा वर्तमानपत्र उघडतात. लेकीची परीक्षा जवळ आली आहे, ती खोली बंद करून बसते आणि जेवायला चार हाका माराव्या लागतात. दादाची काही खबर कळली का, असं तू दोन्ही पत्रांत विचारलंस. त्याबद्दल सवडीने लिहीन.

आधी नवीन कामाचं सांगते. आमच्या साइटच्या तळमजल्यावर, पार्किंगच्या जागेत, काही माणसं राहायला यायची. सकाळी वॉचमन त्यांना उठवायचा, संध्याकाळी ती परत यायची. एक दिवस गवंडी मालकांना म्हणाला, "साहेब, तुम्ही रोज बोंबलता की कामाला माणसं मिळत नाहीत. ही काय माणसं नाहीत?" मालक चिडतील असं आम्हाला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ते मला बोलावून म्हणाले, मॅडम, मागच्या मोकळ्या पट्ट्यात बारा खोल्या होतील का बघा.

झाल्या. प्रत्येक साइटवर सामान उरतंच. अर्ध्या खोक्यातल्या लाद्या, रंगाचे तळाशी राहिलेले डबे, नकाशा बदलल्यामुळे गोडाऊनमध्ये पडून असलेली दारं. सुतार, प्लंबर, वायरमन, सगळ्यांनी चार-चार रविवार दिले, आणि फुकट दिले. वायरमनला तू ओळखत नाहीस, तो सासऱ्याकडेही फुकटात दिवा लावायचा नाही. खोलीत राहायचं, साइटवर हाताखाली काम शिकायचं, वर्षभरात पायावर उभं राहायचं आणि खोली पुढच्याला द्यायची, अशी योजना. नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ज्याला या शहरात आसरा देणारं आपलं कोणीही नाही, त्यालाच खोली मिळेल. बारा खोल्यांना एकतीस अर्ज, कुठेतरी रेघ मारायला हवीच होती.

अर्जही मीच भरून घेतले. रांग लावून एकेकाला समोर बसवायचं, विचारायचं आणि लिहायचं. येत असलेलं काम, तब्येत, जवळचे नातेवाईक. त्यातला एक लादीमिस्त्री होता, पन्नाशी ओलांडलेला. नातेवाईक विचारले तर म्हणाला, "लिहा मॅडम, कोणी नाही." मी लिहिलं. त्याला सातवी खोली दिली. हात फार चांगला आहे त्याचा. सांध्यात नख जात नाही.

आता गंमत ऐक, गंमत म्हणायची तर. महिन्याभराने मी उणिवांची यादी घेऊन फिरले. आमच्यात तशी पद्धत आहे, ताबा दिल्यावर राहणाऱ्याला विचारायचं, कुठे गळतंय, काय चिकटतंय, काय हलतंय. फ्लॅट घेणारे लोक तर दोन-दोन पानं लिहून देतात, भिंतीवरचा डागसुद्धा सोडत नाहीत. इथे बाराच्या बारा जण म्हणाले, काही नाही, सगळं छान आहे. मी कोरी यादी मालकांना दाखवली. ते इतके खूश झाले की पुढच्या साइटवर चाळीस खोल्या बांधायच्या असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

चार दिवसांनी चहाच्या वेळी तो सातव्या खोलीतला मिस्त्री माझ्यापाशी आला. म्हणाला, "मॅडम, यादीत एक लिहायचं राहिलं. दारांना आतून कडी नाही."

मी जाऊन पाहिलं. ताई, एकाही दाराला नव्हती. ती दारं गोडाऊनसाठी बनवलेली होती, कडी-कोयंडा फक्त बाहेरून. सुताराने बिजागऱ्या तपासल्या, मी ओळंबा धरून चौकटी तपासल्या, मालकांनी रंग पाहिला. आम्ही सगळ्यांनी दारं बाहेर उभं राहून तपासली. आत जाऊन दार लावून घ्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि महिनाभर ही माणसं आपापला बंदोबस्त करत होती. एकाने दाराला विटा लावल्या होत्या. एकाने खिडकीच्या गजाला दोरी बांधून ती दाराच्या फटीत अडकवली होती. तिसऱ्या खोलीतल्या आजीबाई दाराला पाठ लावून बसल्या बसल्या झोपत होत्या.

मी त्याला विचारलं, महिनाभर कोणी बोललं का नाही? तो म्हणाला, "खोली मिळालेला माणूस कशाला तक्रार करेल? काढून टाकायला एवढंसं निमित्त पुरतं."

त्याच दुपारी बारा कड्या बसवून घेतल्या. सुताराने कपाळाला हात लावला. पण माझं डोकं काही ठिकाणावर येत नाही. आपण चांगलं काम केलं की नाही, तेच मला कळेनासं झालंय. छप्पर दिलं हे खरं. महिनाभर बारा माणसं आमच्या छपराखाली घाबरून झोपली हेही खरं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, तूच सांग, तू शाळेत गणित शिकवायचीस.

आता चाळीस खोल्यांसाठी मालकांना पक्के कागद हवेत. आत्ताच्या बाराही अर्जांखाली 'आसरा देणारे नातेवाईक नसल्याची खात्री केली आहे' असं लिहून मी सही करायची, महिनाअखेरच्या आत. अकरा झाल्या. एक राहिली आहे. डोकं दुखत होतं म्हणून ठेवून दिली.

औषधं वेळेवर घे. 

तुझी,
बारकी


दि. २३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र काल मिळालं. त्यात भावजींच्या गुडघ्याबद्दल एक शब्द नाही, मला शिव्या नाहीत, काहीच नाही. एकच ओळ. तो सातव्या खोलीतला मिस्त्री डावखुरा आहे का?

आहे.

तो दादाच आहे, ताई. मला वाटलं होतं मी अगदी बेमालूम लिहिलंय. पण एका अनोळखी मिस्त्रीबद्दल कोणी इतकं लिहीत नाही, हे तुला कळणारच. रांगेत सहाजणांमागे तो उभा होता तेव्हाच मी ओळखलं. त्यानेही ओळखलं. माझ्यासमोर बसला, माझ्याकडे बघत म्हणाला, लिहा मॅडम, कोणी नाही. मला वाटतं तो थांबला होता, मी पेन खाली ठेवते का ते बघत. की तसं मला आता वाटतंय, देव जाणे. मी लिहिलं. मागे रांग होती.

आता दुसरं सांगते. ते सांगायला मी चार वर्षं लावली, तेव्हा पत्र फाडण्याआधी पूर्ण वाच.

आई गेल्यावर आम्ही तिच्या घरी राहायला गेलो ते दादाला सोबत म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. तसं ते खरंही होतं, पहिले काही महिने. मग लेक मोठी झाली, तिला वेगळी खोली हवी. दादाचा खोकला, त्याचे कामावरचे मित्र, बाथरूममध्ये भिजत ठेवलेले सिमेंटचे कपडे. यांनी मला एका शब्दाने काही सुचवलं नाही, त्यांच्यावर ढकलू नकोस. सगळं माझंच. घरात तेव्हा साधा कोबा होता, आठवतंय ना? दुनियेच्या घरी लाद्या बसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरी सवड मिळाली नव्हती, आई त्यावरून त्याला किती चिडवायची. मी म्हटलं, दादा, लादी बसवून घेऊया. तो म्हणाला, मीच बसवतो, रविवारी सुरू करतो. मी म्हटलं, तू दमतोस, माझ्या साइटवरची माणसं बोलावते. धूळ फार उडेल, तुझ्या छातीला बरी नाही. आठ दिवस मित्राकडे जा.

तो गेला. एक पिशवी घेऊन.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. मी म्हटलं, अजून सुकायचंय. पुन्हा आला, तेव्हा सांधे भरायचे राहिलेत म्हटलं. तिसऱ्यांदा पॉलिश. गिऱ्हाईक ताबा मागायला आलं की आम्ही जी कारणं सांगतो ना, ती सगळी मी माझ्या भावाला ओळीने सांगितली. लादीमिस्त्रीला सांगितली, ज्याला लादी सुकायला किती दिवस लागतात ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत. त्यानंतर त्याने फोन केला नाही. तोवर लेकीचा पलंग त्याच्या खोलीत आला होता. आणि तुला मी लिहिलं की दादा परगावच्या कामावर आपणहून गेला, आपल्याला विचारलंसुद्धा नाही. तू मला उलट समजावलंस, त्याचा राग धरू नकोस म्हणून.

मित्राकडे तो चार महिने होता. मित्राचा मुलगा लग्न करून आला, मग दादा तिथूनही निघाला. पुढचं मी विचारलेलं नाही. त्याने सांगितलेलं नाही.

शेवटच्या अर्जावर मी सही केली नाही. परवा तो घेऊन मालकांकडे गेले. 'कोणी नाही' खोडून तिथे लिहिलं, बहीण, आणि माझा पत्ता. त्यांनी कागद पाहिला. मला वाटलं कामावरून काढतील, आणि खरं सांगू, तेव्हा त्यांनी काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मॅडम, नियम तुम्हीच लिहिलात. आता मी काय करू?" अर्जांच्या यादीत तेराव्या नंबरवर पुलाखाली राहणारा एक माणूस आहे, बायको आणि आजारी सासूसकट. दादासाठी नियम वाकवा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? महिनाअखेरीला सातवी खोली त्यांना मिळेल. मालकांनी निरोपही धाडला.

म्हणजे बघ, मी चार वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले आणि त्या खरेपणाने त्याचं छप्पर गेलं. हे बरोबर झालं का? गप्प राहिले असते तर तो वर्षभर तरी निवांत झोपला असता, आतून कडी लावून. मला काही सुचत नाही. मी सकाळी एक ठरवते आणि दुपारी मलाच ते पटत नाही.

काल सुट्टी झाल्यावर त्याच्या खोलीशी गेले. दार उघडं होतं. तो उरलेल्या तुकड्यांतून मोरीचा कट्टा करत होता, पुढे राहायला येणाऱ्यांसाठी. खोली जाणार हे त्याला कळलं होतं, सगळ्या साइटला कळलंय. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. म्हटलं, दादा, घरी चल.

त्याने वर पाहिलं नाही. तुकडा ठोकून बसवला, बोटाने कड पुसली. मग विचारलं, "लादी बसवून झाली का?"

टोमणा असता तर मी रडले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं. टोमणा नव्हता, ताई. तो खरंच विचारत होता. मी म्हटलं, झाली.

"कोणी बसवली?"

मी सांगितलं. त्याने मान हलवली. "तो घाई करतो. कोपऱ्यात पोकळ राहते." मग म्हणाला, "रविवारी येऊन बघून जातो."

बघून जातो, असं म्हणाला. राहायला येतो असं म्हणाला नाही. सामान घेऊन येशील ना, एवढं विचारायला माझी जीभ उचलली नाही. मी मान डोलावली आणि परत आले.

काल लेकीला तिची खोली रिकामी करायला सांगितली. ती म्हणाली, परीक्षेच्या तोंडावर? कोण येणार आहे? मी म्हटलं, मामा. तर म्हणते, मामा परगावी ना? मग मी तिलाही सांगितलं, तुला लिहिलं तेवढं सगळं. तिने पुस्तकं उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, एवढंच.

पलंग हलवला तेव्हा मी खोलीचे चारही कोपरे बोटाने वाजवून पाहिले. दोन पोकळ आहेत. तो वाकून लाद्या वाजवेल, कुठे पोकळ आहे ते सांगेल, आणि पाणी पिऊन निघून जाईल, अशी मला भीती वाटते. कुठे जाईल, ते आता मला माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, असं निदान म्हणता तरी येत होतं.

मी थांब म्हटलं तर तो थांबणार नाही. मी जा म्हटलं होतं. तू म्हटलंस तर कदाचित थांबेल. रविवारी सकाळच्या गाडीने ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

तुमची दोघांची,
धाकटी बहीण